गालातलं द्राक्ष

माश्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की नवा माणूस आल्या पावली मागे फिरायचा. कोंडा आणि दुधाची पावडर पाण्यात कालवून ट्रे भरून ठेवलेले असत, त्यात अळ्या वळवळत, आणि आंबलेल्या दुधाचा तो वास दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत उतरे. बाणेरच्या त्या काचेच्या नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर कॉल सेंटर होतं. तिथली पोरं नाकाला रुमाल लावून म्हणत, "मॅम, प्लीज यार, काहीतरी करा ना." कल्याणी दातार सांगे, "अरे, तुमच्याच जेवणासाठी चाललंय हे." मग ती पोरं आणखीच लांब सरकत.

कल्याणीला स्वतःला या वासाची किळस उरली नव्हती. जन्म नारायण पेठेतला, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि ही बाई रोज सकाळी माश्यांची डोकी खलात वाटत बसे. शेजारी टेपवर कीर्तनाची कॅसेट लागलेली. बुवांनी आख्यान लावलं की तिचा बत्ता ठेक्यात पडायचा.

काम तसं सांगायला सोपं होतं. पिकावर जी औषधं फवारतात त्यांतली बरीचशी किडीच्या मेंदूतलं एक द्रव्य बंद पाडतात आणि कीड मरते. तेच द्रव्य घरमाशीच्या डोक्यात भरपूर असतं. म्हणून माश्या फ्रीझरमध्ये गोठवायच्या, डबा खडखडा हलवायचा, की डोकी धडापासून तुटतात. चाळणीतून डोकी खाली, धडं वर. डोकी वाटून, गाळून ते पाणी कागदाच्या पट्टीवर चढवायचं. त्या पट्टीवर फळाचा रस टाकला आणि थोड्या वेळाने वर दुसऱ्या एका औषधाचा थेंब सोडला, की रस स्वच्छ असेल तर पट्टी निळी होते. रसात विष असेल तर पांढरीच राहते.

तो निळा रंग हळूहळू चढायचा. आधी कडेला, मग मध्ये, मग सगळीकडे. पहिल्यांदा तो उमटला तेव्हा कल्याणीच्या तोंडून नकळत निघालं होतं, "हरी आला." तेव्हापासून प्रयोगशाळेत तोच शब्द पडला. तिची जोडीदारीण डॉक्टर सत्यशीला मेश्राम नागपूरची. तिच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि मागे बाबासाहेबांचा फोटो. तीही संध्याकाळी हातमोजे काढता काढता कोरडेपणाने म्हणायची, "मॅडम, वांग्यात तुमचा हरी आला नाही. भेंडीत अर्धाच आला."

सुरुवातीच्या पट्ट्या ढब्बू होत्या. भाजीवरून औषधाचा ओघळ दिसावा एवढं विष असलं तरच ओळखायच्या. त्यांना कणाएवढं, कणाच्याही कणाएवढं विष ओळखायला शिकवण्यात दोघींचे केस पिकायला लागले. या सगळ्या काळात प्रयोगशाळेचं भाडं आणि तो मोठा फ्रीझर होता हिंमतरावांचा.

हिंमतराव म्हणजे द्राक्षांचे निर्यातदार. मार्केट यार्डात गाळा, सोलापूर रस्त्याला शेत घेऊन बांधलेलं पॅकहाऊस. जग खुलं झालं आणि यांची द्राक्षं बोटीत बसून युरोपात जायला लागली. एका हंगामात तिथल्या साहेबाने कंटेनर तपासला आणि अख्खा परत पाठवला. तेव्हापासून हिंमतरावांना विज्ञानाचं प्रेम फुटलं. नारायण पेठेतल्या केशवाच्या देवळात फाल्गुनात उत्सव असतो, त्याचे यजमानही तेच. तिथेच कल्याणीची आणि त्यांची ओळख. कीर्तनाच्या वेळी खांबाला टेकून बसलेला, डोळ्यांतून पाणी काढणारा माणूस. असा माणूस वाईट कसा असेल, असं तिला वाटलं, आणि तिने हो म्हटलं.

पट्टी तयार झाली त्या दिवशी हिंमतराव स्वतः आले. नाकाला रुमाल लावला नाही, हे कल्याणीला फार आवडलं. पट्ट्यांचे गठ्ठे गाडीत घालून पॅकहाऊसमध्ये नेले. तिथल्या बायांना कसं तपासायचं ते सत्यशीलाने दाखवलं. ज्या खोक्यातला माल पांढरा निघेल त्याच्या कोपऱ्यावर अंगठाभर जांभळा ठिपका मारायचा, ही कल्पना कल्याणीची. शाईही तिनेच कालवून दिली, पाण्याने न जाणारी.

"आणि ठिपक्याच्या खोक्यांचं काय करणार?" तिने विचारलं होतं.

"लावू विल्हेवाट," हिंमतराव म्हणाले. "तुम्ही काळजी सोडा ताई."

तिने सोडली.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती देवळात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. गाभारा द्राक्षांनी भरला होता. कमानीला घोस, खांबांना घोस, समईच्या साखळीला घोस. केशव छातीपर्यंत द्राक्षांत बुडालेला, वर फक्त त्याचं ते सावळं, हसरं तोंड. कल्याणीचे डोळे भरून आले. शेजारच्या गोदाबाई नेहमीच्या जागी, अगदी पुढे, बसल्या होत्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्या जगाकडे नव्याने संशयाने बघत. त्या म्हणाल्या, "बघ गं, हिंमतरावाने देवाला पार गाळ्यावर बसवलंय."

आरतीनंतर ही सगळी द्राक्षं प्रसाद म्हणून वाटायची आणि उरलेली एका बालकाश्रमात जायची, असा बेत होता. आश्रमाचा टेम्पो रस्त्यावर येऊन उभाही होता.

कीर्तनाला अवकाश होता म्हणून कल्याणी पाणी प्यायला मागे कोठीकडे गेली. तिथे रिकामी खोकी छतापर्यंत रचली होती. सगळ्यात वरच्या खोक्याच्या कोपऱ्यावर जांभळा ठिपका. त्याच्या खालच्यावरही. तिने बोट लावून पाहिलं, ओलं करून घासून पाहिलं. जाईना. जाणार कसा? तिनेच तशी कालवली होती.

तिने सत्यशीलाला फोन लावला. सत्यशीला म्हणाली, "पट्ट्या आहेत का पर्समध्ये? मग आधी बघा. मी निघतेच."

एका खोक्याच्या तळाशी दोन-चार घड राहिले होते. कल्याणीने ते नळाखाली चोळून चोळून धुतले. एक द्राक्ष वाटीत चिरडलं. कोठीतल्या ताम्हनात पळी-पंचपात्र होतं, तेच घेतलं. आधी नळाचं नुसतं पाणी पट्टीवर टाकलं. थोड्या वेळाने पर्समधल्या बाटलीतून औषधाचा थेंब सोडला, तसं कडेला निळं दिसलं, मग पट्टीभर पसरलं. पट्टी ठीक होती. मग दुसऱ्या पट्टीवर रस टाकून तसंच केलं. पट्टी पांढरी राहिली. मग तिने एक पळी रसात दहा पळ्या पाणी घातलं आणि ते तिसऱ्या पट्टीवर टाकलं. ज्या पळीने तीर्थ देतात त्या पळीने. ती वाट बघत राहिली. बाहेर पेटीवर कोणीतरी सूर धरला, झांजांचा आवाज आला, आणि पट्टी पांढरी ती पांढरीच. मेलेल्या माणसाच्या नखासारखी.

कल्याणीला उमासा आला. इतकी वर्षं अळ्यांचे ट्रे हातांनी धुतले, कधी आला नव्हता. ती भिंतीला हात टेकायला गेली, तो एका खोक्यावर पडला. तिने तो झटकला, जसा झुरळावरून झटकावा.

हिंमतराव चपलांच्या जागेपाशी उभे राहून पाहुण्यांना हात जोडत होते. अंगाला अत्तराचा वास.

"मागे खोकी आहेत. ठिपक्याची," ती म्हणाली.

"असतील की."

"तुम्ही विल्हेवाट लावणार होतात."

"लावली ना. साहेबाला चालत नाही तो माल देवाला चालतो. देव काय युरोपात राहतो?" ते हसले. "ताई, साहेबाचे नियम साहेबाला. आपली माणसं काय काचेची आहेत?"

"दहापट पाणी घातलं तरी पट्टी पांढरी राहतेय. हा साहेबाचा नियम नाही हिंमतराव. हे विष आहे, आणि ते त्या टेम्पोतून लहान पोरांकडे जाणार आहे."

"हळू बोला जरा. मिठाच्या पाण्यात धुवा म्हणावं."

"धुऊनच तपासली मी."

तेवढ्यात गाभाऱ्यातली घंटा वाजली. हिंमतरावांनी तिकडे तोंड केलं, हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवले, उजव्या हाताने दोन्ही कानांच्या पाळ्यांना स्पर्श केला, आणि परत वळून बोलणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. "देवाच्या पायाशी ठेवलं की सगळं शुद्ध होतं, हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही एवढ्या कीर्तनातल्या. आणि मी कबूल केलेलं तुमचं ते नवं मशिन यायचंय ना पुढल्या महिन्यात? ते नीट येऊ द्या की. जरा सबुरीनं घ्या."

"तुमच्या घरी कुठली द्राक्षं जातात?"

"घरी?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "घरी निळी निघालेलीच. मी स्वतः निवडून नेतो."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की कल्याणी दोन पावलं मागे सरली. तिला कळलं की आपण एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून जी केली ती चाळणी. चांगलं वरच्या साहेबाला, त्याच्या खालचं शेठच्या घरी, आणि चाळून उरलेला गाळ देवाच्या गळ्यात. पट्टी नव्हती तेव्हा विष सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं जात होतं. आता नेमकं वेचून या पोरांच्या ताटात. तिला हात धुवावेसे वाटले. हात, तोंड, सगळंच.

कीर्तन सुरू झालं होतं. दशरथबुवा म्हणजे ज्यांच्या तोंडून तिने लहानपणी आईच्या मांडीवर निजून आख्यानं ऐकली ते. आता वय झालं होतं, पण आवाज देवळाच्या छताला लागायचा. चालू कीर्तनात बुवांना कोणी अडवत नाही. तशी रीतच नाही. पूर्वरंग संपतो तेव्हा मात्र बुवा थांबतात, सगळे नामघोष करतात, बुवांच्या गळ्यात हार घालतात आणि कपाळाला बुक्का लावतात. या देवळात बुक्क्याची वाटी कल्याणीच्या हाती असे. तिच्या आईनंतर तिच्याकडे आलेला तेवढाच एक मान.

तेवढाच एक क्षण तिला मिळणार होता. ती वाटी हातात घेऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनातला एक शब्दही तिच्या कानांत शिरला नाही. गाभाऱ्यातून गोड वास येत होता, गरम दिव्यांनी पिकत चाललेल्या द्राक्षांचा, आणि तो नाकात चिकटून बसला होता.

नामघोष उठला. झांजांच्या कल्लोळात ती पुढे गेली, बुक्का लावायला वाकली आणि बुवांच्या कानाशी म्हणाली, "बुवा, ही द्राक्षं खाण्याजोगी नाहीत. परदेशी घेत नाहीत तीच आणलीत. विष आहे. यजमानांना माहीत आहे."

बुवांचे डोळे मिटलेलेच होते. "नक्की?"

"तीर्थाच्या पळीने दहापट पाणी घालून पाहिलं."

"देवाच्या अंगावर घातलीत गं ती." बुवांनी डोळे उघडले. ओले होते. "तू आरडाओरडा करू नकोस. आत्ता बोललीस तर ते म्हणतील, बाईच्या तपासणीचं बिनसलंय. प्रसाद आज मी देईन."

उत्तररंगाला बुवांनी ठरवलेलं आख्यान सोडलं. बोलले ते फक्त घासाबद्दल. आई लेकराला भरवते तेव्हा घास आधी आपल्या ओठांना लावून बघते. फार गरम नाही ना, तिखट नाही ना. तेव्हा कुठे तो लेकराच्या तोंडात जातो. "देवाचा नैवेद्य आपण चाखत नाही, ते सोवळ्यात आहे. पण प्रसाद? प्रसादाचा पहिला घास यजमानाचा. का हो? मोठेपणा म्हणून? नाही महाराज. यजमान आज सगळ्या गावाची आई असतो, म्हणून."

लोक माना डोलावत होते. हिंमतराव खांबाला टेकले होते, पण आज डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

आरतीच्या आधी बुवा गाभाऱ्यात गेले, पायाशी ठेवलेला एक घड उचलला आणि भर सभेत हिंमतरावांसमोर धरला. "घ्या यजमान."

"आरती होऊ द्या की बुवा."

"आरती म्हणायला तोंड गोड हवं."

"मला शुगर आहे हो."

"एकाने काय होतंय?" गोदाबाई पुढून म्हणाल्या. "परवा माझ्यासमोर चार जिलब्या खाल्ल्यात."

लोक हसले. हिंमतरावही हसले. त्यांनी एक द्राक्ष तोडलं, कपाळाला लावलं, तोंडात टाकलं. आरती सुरू झाली.

कल्याणी त्यांच्याकडे बघत होती. डाव्या गालात एक छोटा उंचवटा आला होता. आरती चढत गेली, टाळ्या वाढल्या, आणि तो उंचवटा जागचा हलेना. हिंमतरावांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तोंडात सुटलेलं पाणी गिळायची सोय नव्हती, म्हणून ओठांच्या कोपऱ्यात ते चकाकायला लागलं. कपाळावर घाम. एवढा मोठा माणूस, जरीचं उपरणं घेतलेला, आणि गालात एक द्राक्ष धरून उभा, जसा एखादा पोरगा शाळेत चोरलेलं चॉकलेट धरून उभा असतो. तिला त्याचा राग यायला हवा होता. आली ती शिसारी. अशी, की आरतीच्या ताटाकडेही बघवेना.

"गिळा की हो हिंमतराव," गोदाबाई पुटपुटल्या. "कडू आहे का?"

हिंमतरावांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि ते खांबाच्या मागे सरकले. तिथे त्यांची सून भाग्यश्री प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. सकाळपासून तिनेच सगळी आरास बांधली होती. आरती संपली आणि शेवटची टाळी पडून शांतता झाली, त्याच वेळी हिंमतरावांनी तोंडाला रुमाल लावला.

"आबा," भाग्यश्री म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने, पण त्या शांततेत मागच्या रांगेपर्यंत गेला. "प्रसाद थुंकलात?"

देवळात त्या प्रश्नानंतर काही विचारायचं उरत नाही. केशवाच्या देवळात आजवर पायऱ्या झिजल्या, विश्वस्त भांडले, एकदा घंटाही चोरीला गेली. पण यजमानाने प्रसाद थुंकला, असं तिथे कोणी कधी पाहिलं नव्हतं. दोनशे डोळे त्या रुमालाकडे लागले.

आता कल्याणी उभी राहिली. तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. ठिपका कशाचा, शाई कोणाची, पट्टी कशी पांढरी राहिली. "ही पट्टी मीच बनवलीय," ती म्हणाली. "म्हणून मला माहीत आहे. कोणीही खाऊ नका. पोरांना पाठवू नका."

"पट्टी काय, चुकते की कधीकधी," हिंमतराव रुमाल मुठीत दाबत म्हणाले.

"मग तो रुमाल उघडा, आणि आहे ते खा," दशरथबुवा म्हणाले.

हिंमतरावांची मूठ उघडली नाही. भाग्यश्रीने हातातलं ताट खाली ठेवलं. ज्या बायकांच्या हातात आधीच घड आले होते त्यांनी एकेक करून ते ताटात परत ठेवले, हळूच, देवाचं म्हणून. आणि मग पदराला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. एक बाई नळाकडे धावली. मागोमाग नळावर गर्दी झाली.

बाहेर टेम्पोच्या पुढे स्कूटी आडवी लावून सत्यशीला केव्हाची उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला होता. "माझ्यावर कशाला ओरडताय," ती त्याला सांगत होती, "आतून साखरफुटाणे येतायत, ते घेऊन जा. तेवढ्यासाठीच थांबवलंय." देवळात ती जात नसे. पण उंबऱ्याच्या बाहेर आज तिनेच सगळ्यात मोठं काम केलं होतं, असं नंतर बुवा म्हणाले.

राहिला प्रश्न त्या द्राक्षांचा. विश्वस्त म्हणाले, निर्माल्य आहे, नदीत सोडू. कल्याणी म्हणाली, मासे मरतील. गोशाळेत? गाईंनी काय केलंय? प्रसाद टाकवतही नाही, आणि ठेववतही नाही. तो ढीग समोर पडलेला, वरून घोंगावायला लागलेल्या माश्या. माश्या मात्र बसत नव्हत्या. की तिला तसं वाटलं, कोण जाणे.

शेवटी भाग्यश्रीने गाडीची किल्ली मागून घेतली. "आमचं आहे, आम्ही नेतो," ती म्हणाली. "आबांच्या खोलीत ठेवायला जागा आहे." आणि ती स्वतः खोकी उचलायला लागली, ठिपका बाहेरच्या बाजूला करून.

पुढच्या आठवड्यात हिंमतरावांची माणसं येऊन फ्रीझर घेऊन गेली. नवं मशिन अर्थातच आलं नाही. भाड्याचं बघू पुढे, असं दोघींनी ठरवलं, पण फ्रीझरशिवाय माश्या गोठवणार कुठे?

"माझ्या घरी नेल्या तर आई मला डब्यासकट बाहेर काढेल," सत्यशीला म्हणाली. "तुमच्याकडे?"

कल्याणीने विचार केला. नारायण पेठेतलं स्वयंपाकघर, देव्हाऱ्याला लागून फ्रिज. "वरच्या कप्प्यात," ती म्हणाली. "बर्फाच्या ट्रेच्या मागे. आईस्क्रीमच्या डब्यात. आणि डब्यावर नाव लिही, नाहीतर हे उघडतील."

त्याच संध्याकाळी तिने पहिल्यांदा घरच्या ओट्यावर खल मांडला. दार वाजलं. गोदाबाई. हातात कोथिंबिरीची जुडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांनी खलात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं, आणि तरी पाट ओढून बसल्या.

"द्वादशीला कोशिंबीर करायची आहे देवाला," त्या म्हणाल्या. "बघून दे जरा. येतो का तुझा हरी."

कल्याणीने जुडीतली चार पानं चिरडली, रस पट्टीवर टाकला, वर थेंब सोडला. मग दोघी त्या पांढऱ्या कागदाकडे बघत बसल्या.